१७ नंबर फॉर्म भरून ३६ व्या वर्षी दहावी : दुपारच्या वर्गाचा पूर्ण अनुभव

मागच्या महिन्यात बचत गटाच्या मीटिंगला मी दहावी पास झाल्याचे पेढे वाटले तर तिथंच चौघीजणींनी धरलं, क्लास कुठं लावला, फी किती, शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा तो १७ नंबर फॉर्म कसा भरायचा, आणि आपल्याला जमेल का गं. शेवटचा प्रश्न प्रत्येकीनं हळू आवाजात, बाजूला घेऊन विचारला. तेव्हापासून फोनवर रोज तेच सांगतेय म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. चांगलं ते पण लिहिते आणि जे खटकलं ते पण, कारण नुसतं छान छान लिहून कुणाचा फायदा नाही.

आधी माझं थोडक्यात. बार्शी तालुक्यात आमचं गाव. माहेरी सातवीपर्यंतच शाळा होती, पुढचं हायस्कूल सहा किलोमीटरवर, एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. नववीत असताना एकदा संध्याकाळची गाडी आलीच नाही, आम्ही तिघी अंधारात चालत आलो, दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. भांडण नाही काही नाही, वडील फक्त म्हणाले आता बास. सतराव्या वर्षी लग्न. माझ्यासारख्या किती आहेत ते मला वर्गात आल्यावर कळलं. २०१९-२१ च्या सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या पोरींत अठराच्या आत लग्न झालेल्या २१.९ टक्के निघाल्या, म्हणजे पाचात एक. आणि दहा वर्षं किंवा जास्त शाळा शिकलेल्या बायका राज्यात साधारण निम्म्याच. आमच्या गटात आम्ही बाराजणी, त्यात दहावी झालेल्या तीन, म्हणजे आमचा गट तर निम्म्याच्याही खाली.

तीन वर्षांपूर्वी मी एकदा प्रयत्न करून बसले होते. शहरात एक खाजगी क्लास होता, सहा हजार भरले गटातून उचलून, वेळ संध्याकाळी सहा ते आठ. आता सहा ते आठ म्हणजे घरात दूध काढायचं, भाकरी, पोरांचा अभ्यास, नळाला पाणी. तरी गेले. पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर वर्गसमीकरण लिहिलं आणि अवयव पाडा म्हणाले, अवयव म्हणजे काय हेच मला आठवत नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती कारण सगळी पोरं सोळा-सतराची. दीड महिन्यात सुटलं. त्यातली वाईट गोष्ट पैशाची नव्हती, वाईट हे झालं की मी तीन वर्षं असंच धरून बसले की आपलं डोकं चालत नाही.

मग गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या गावच्या आशा कार्यकर्तीनं, म्हणजे आशाताईंनी, सांगितलं की एका संस्थेचा बायकांसाठी दहावीचा वर्ग सुरू होतोय, दुपारी दोन ते साडेचार, आठवड्यातून पाच दिवस, लहान पोर असेल तर घेऊन या. मला त्या पत्रकात सगळ्यात आधी दिसली ती वेळ. दुपारी दोन! जेवणं उरकलेली, भांडी झालेली, शेतातली सकाळची खेप संपलेली, संध्याकाळचा स्वयंपाक अजून लांब. ज्यानं ही वेळ ठरवली त्याला बाईचा दिवस माहीत आहे. आमच्या आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, सुरुवातीला तोंड वाकडं केलं पण वेळ ऐकून त्यांना पण नाही म्हणायला कारण राहिलं नाही, कारण त्या वेळेत त्या स्वतः झोपलेल्या असतात.

पहिल्या दिवशी वर्ग घेणाऱ्या ताईंनी एकेकीला बाजूला बसवून एक छोटा परिच्छेद वाचायला दिला, मग एक वजाबाकी, मग एक भागाकार. मी वाचलं नीट, वजाबाकी केली, भागाकारात अडकले. ताईंनी वहीत काहीतरी टिकमार्क केलं आणि म्हणाल्या छान, आपण इथून सुरू करू. इथून म्हणजे भागाकारापासून. मला वाटलं दहावीचा वर्ग आहे ना हा? तर पहिले जवळपास अडीच महिने दहावीचं एक पण पुस्तक उघडलं नाही. भागाकार, अपूर्णांक, टक्केवारी, शुद्धलेखन, इंग्रजीत आपलं नाव-गाव-पत्ता. ज्यांना हे आधीच येत होतं त्या दोघी-तिघी थोड्या कंटाळल्या हे खरं आहे, पण माझ्यासारखीचा पाया तिथं झाला. ऑगस्टच्या शेवटी जेव्हा वर्गसमीकरण आलं तेव्हा अवयव पाडता आले. तेच समीकरण, तीच मी.

ही टेस्टची पद्धत कुठून आली ते ताईंनी नंतर सांगितलं. प्रथम नावाची संस्था आहे, १९९५ ला मुंबईत माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी काढली, त्यांच्यातर्फे २००५ पासून असर नावाची पाहणी होते, कार्यकर्ते घरोघर जाऊन पोरांना असंच वाचायला आणि भागाकार करायला लावतात. २०२३ ची पाहणी १४ ते १८ वयाच्या पोरापोरींची होती, २६ राज्यांतले २८ जिल्हे. ८६ टक्क्यांच्या वर पोरं शाळा-कॉलेजात नाव असलेली, आणि तरी चारातल्या एकाला दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद आपल्या भाषेत धड वाचता येत नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायचं म्हटलं तर निम्म्याहून जास्त अडकतात. हे ऐकल्यावर वर्गात एकदम शांत झालं. आम्ही सगळ्या आतापर्यंत समजत होतो की हे फक्त आपल्यालाच येत नाही. त्याच प्रथमचा सेकंड चान्स म्हणून कार्यक्रम आहे, २०११ पासून, शाळा सुटलेल्या मुली-बायकांना दहावीपर्यंत नेण्यासाठी, तो पण बऱ्याच ठिकाणी आहे. आमचा वर्ग त्यांचा नव्हे, वेगळ्या छोट्या संस्थेचा आहे, पण तुमच्या जिल्ह्यात कुणाचा आहे ते पंचायत समितीत किंवा आशाताईंना विचारून बघा.

आणि ही कल्पना काही आजची नाही म्हणे. स्वातंत्र्यसैनिक दुर्गाबाई देशमुखांचं स्वतःचं लग्न आठव्या वर्षी लावून दिलं होतं, मोठेपणी त्या शिकल्या, आणि मद्रासला मॅट्रिकला बसणाऱ्या मुलींचे वर्ग घेता घेता १९३७ ला आंध्र महिला सभा उभी केली. पुढं वकील झाल्या, आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या अध्यक्ष असताना १९५८ मध्ये मोठ्या बायकांसाठी कमी वेळात शाळा पूर्ण करायचे अभ्यासक्रम देशभर सुरू झाले. आपल्या पुण्यात तर त्याच्याही आधी, १९०९ ला रमाबाई रानड्यांनी सेवासदन काढलं, तिथं मोठ्या बायका अक्षरओळखीपासून नर्सच्या कामापर्यंत शिकल्या. म्हणजे आपल्याला वाटतं आपण काहीतरी भलतं करतोय, या वयात कशाला वगैरे, तर आपल्या आधी शंभर वर्षांपासून बायका हेच करत आल्यात.

आता वर्गाची खरी परीक्षा. माझ्या मते असा कुठलाही वर्ग बघायचा असेल तर एकच गोष्ट विचारा, आठ दिवस न आलेल्या बाईचं तुम्ही काय करता. कारण आठ दिवस प्रत्येकीचे जाणारच आहेत. पोराला ताप येतो, नणंदेचं बाळंतपण येतं, ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला आली की कुणी घरी बसू शकत नाही, त्यात वरून पाऊस आला तर रात्रीची पण मळणी. खाजगी क्लासमध्ये आठ दिवस गेले की तुम्ही गेलात. इथं काय करतात की प्रत्येकीला एक जोडीदारीण ठरवून दिलेली असते, आणि वर्गात एक निळी वही असते, त्या वहीत रोज काय शिकवलं ते एका पानात लिहायचं, पाळीपाळीनं सगळ्यांनी. मी सोयाबीनच्या वेळी अकरा दिवस गेले नाही. माझी जोडीदारीण, शेजारच्या वाडीची, रविवारी ती वही घेऊन घरी आली, दोघी शेंगा निवडत बसलो आणि तिनं मला अंकगणिती श्रेढी समजावली. कशी, तर भिशीवर. पहिल्या महिन्याला शंभर, दुसऱ्याला दीडशे, तिसऱ्याला दोनशे, मग बाराव्याला किती आणि वर्षाचे एकूण किती. साडेसहाशे आणि साडेचार हजार. मी बोटं मोडून मोजलं आणि मग सूत्रानं काढलं, दोन्ही सारखं आलं, तेव्हा मला त्या सूत्रावर विश्वास बसला. माझ्या अकरा दिवसांसाठी कुणी मला बोललं नाही हे मी कधी विसरणार नाही.

गणिताबद्दल अजून एक सांगायचंच आहे. टक्केवारी चालू होती तेव्हा एकीनं विचारलं की ताई माझ्या कर्जाचं व्याज काढून द्या. तिनं एका फायनान्सकडून तीस हजार घेतलेले, महिन्याला २९०० चे बारा हप्ते, देणाऱ्यानं सांगितलेलं की सोळा टक्के. ताईंनी आम्हालाच करायला लावलं. २९०० गुणिले १२ म्हणजे ३४८००, वरचे ४८००, तीस हजाराचे सोळा टक्के बरोबर. मग ताई म्हणाल्या पण तीस हजार तुझ्याकडे वर्षभर होते का? पहिल्या हप्त्यापासून परत जायला लागले ना, मग वर्षभराचा विचार केला तर सरासरी तुझ्याकडे निम्म्याच्या थोडेच वर होते, आणि व्याज मात्र पूर्ण तीस हजारावर दिलंस. नीट हिशोब केला तर दर २८ टक्क्यांच्या आसपास जातो. त्या दिवशी घरी जाऊन सगळ्यांनी आपापली पासबुकं काढली. हे दहावीच्या पेपरात येत नाही, एक मार्क मिळत नाही याला, पण माझ्या मते वर्षभरातला सगळ्यात महत्त्वाचा तास तोच.

दुसरा असा तास विज्ञान भाग दोनचा. माणसाचं प्रजनन. आमच्यात एकजण आहे, तीन मुली, तिला तीन मुलींवरून घरात काय काय ऐकावं लागलंय ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ताईंनी फळ्यावर काढलं, आईकडून येतं ते एक्स गुणसूत्रच, बापाकडून एक्स येतं नाहीतर वाय, आणि मुलगा की मुलगी हे बापाकडून काय आलं त्यावर ठरतं. ती उठून फळ्याजवळ गेली आणि म्हणाली परत एकदा सांगा. ताईंनी परत सांगितलं. तिनं ते वहीत उतरवलं, आणि तिची सासू पुढच्या आठवड्यात पाहुण्यांसमोर काही बोलली तेव्हा तिनं वही उघडून पुढं ठेवली. सासूला वाचता येत नाही, मग तिच्या मोठ्या मुलीनं, सहावीत आहे ती, आजीला वाचून दाखवलं. पुढं घरात काय झालं ते ती सांगत नाही, पण वर्ग तिनं सोडला नाही.

बरं, आईच्या शिकण्यानं पोरांचं किती भलं होतं यावर बरंच संशोधन आहे. २०१० मध्ये लॅन्सेट मासिकात एक मोठा अभ्यास आला होता, १९७० ते २००९ मध्ये जगात पाच वर्षांखालच्या पोरांचे जे मृत्यू कमी झाले त्यातला साधारण निम्मा वाटा बायकांचं शिक्षण वाढल्याचा, असा त्याचा हिशोब. पण दुसरी बाजू पण सांगते. प्रथमनं राजस्थान आणि बिहारमध्ये ४८० ठिकाणी आयांचे साक्षरता वर्ग आणि पोरांसोबत घरी करायचे अभ्यास यांचा प्रयोग केला, काही गावांत एक, काहींत दुसरं, काहींत दोन्ही, काहींत काहीच नाही, आणि मग मोजलं. फायदा झाला, आयांचा पण आणि पोरांचा पण, पण लहान झाला. म्हणजे आई वर्गाला गेली की पोरगं लगेच पहिलं येतं असं काही नाही. माझी मुलगी नववीत आहे, तिचे मार्क माझ्यामुळं वाढले असं मी म्हणणार नाही. पण संध्याकाळी आम्ही दोघी एका बल्बखाली बसतो आणि आता तिला दळण आणायला उठ म्हणायच्या आधी मी घड्याळ बघते, की तिचं गणित अर्ध्यात आहे का.

फॉर्मचं सांगते, कारण सगळ्यात जास्त बायका तिथं अडकतात. १७ नंबर फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा राज्य बोर्डाचा फॉर्म. चौदा वर्षं पूर्ण पाहिजेत आणि किमान पाचवी पास पाहिजे. ऑनलाइन भरायचा, आपल्याजवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची, तोंडी आणि प्रोजेक्टचं काम त्या शाळेत. कागद म्हणजे शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार, फोटो. मूळ दाखला नसेल तर शाळेकडून दुसरी प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र. माझा दाखला हरवला होता. माझ्या जुन्या शाळेत मी तीन खेपा मारल्या, एकदा क्लार्क रजेवर, एकदा रजिस्टर सापडेना, तिसऱ्या वेळी मी सकाळी साडेदहापासून व्हरांड्यात बसून राहिले आणि दुपारी तीनला दाखला घेऊनच उठले.

आणि नाव. दाखल्यावर माहेरचं नाव असतं, आधारवर सासरचं. दहावीचा फॉर्म दाखल्यावरच्या नावानं जातो. जानेवारीत हॉल तिकीट आलं तर त्यावर माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. एकोणीस वर्षांनी मी ते नाव कुठंतरी छापलेलं बघितलं. मी त्या हॉल तिकिटाचा फोटो काढून वडिलांना पाठवला, त्यांनी फोन केला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले एसटी वेळेवर आहे का आता. मी म्हटलं मालक गाडीवर सोडणार आहेत परीक्षेला.

आता खटकलं ते. एक, इंग्रजी. ताई गणिताच्या आहेत आणि इंग्रजीला नोव्हेंबरपर्यंत कुणी नीट माणूसच नव्हतं, त्यामुळं शेवटी निबंध आणि पत्र पाठ करून गेलो. ज्या नापास झाल्या त्यातल्या बहुतेक इंग्रजीत गेल्या, आणि यात बायकांची चूक नाही. दोन, विज्ञानाचे प्रयोग सगळे फळ्यावर. भिंग हातात घेतल्याशिवाय भिंगाची नाभी, म्हणजे उजेडाचे किरण एकत्र येतात तो बिंदू, ती काय ते कसं कळणार, एक भिंग कितीला येतं? तीन, आणि याचा मला खरंच राग आहे, ज्या शाळेच्या खोलीत वर्ग भरायचा तिथलं मुलींचं टॉयलेट शाळा सुटली की कुलूपबंद. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई दीडला घरी. सप्टेंबरपर्यंत आम्ही घरून निघाल्यापासून पाणी प्यायचो नाही. पाळी आली की बायका वर्गालाच यायच्या नाहीत, आणि संस्थेच्या हजेरीत ते नुसतं गैरहजर म्हणून लागायचं. शेवटी आम्ही सातजणी मुख्याध्यापकांकडे गेलो, दुसऱ्या दिवसापासून किल्ली मिळाली. म्हणजे एका दिवसाचं काम होतं आणि तीन महिने लागले. कुणी असा वर्ग काढत असेल तर पुस्तकांच्या आधी किल्ली मागून घ्या.

चार, परीक्षा झाली की वर्ग बंद. आम्ही २७ जणींनी नाव घातलं, १९ जणी परीक्षेला बसल्या, १४ पास. राहिलेल्या पाचजणींना पुरवणी परीक्षा होती पण त्यांच्यासाठी उन्हाळ्यात कुणीच नव्हतं, निळी वही पण कपाटात. मी आणि माझी जोडीदारीण जमेल तसं दोघींना गणित सांगायला जायचो. आणि ज्या आठजणी परीक्षेपर्यंत पोचल्याच नाहीत त्यातल्या तिघी ऊसतोडीला गेल्या, त्यांच्यासाठी दुपारी दोनची वेळ पण उपयोगाची नाही, त्यांना काय द्यायचं याचा संस्थेनं विचार केला पाहिजे असं मी ताईंना तोंडावर सांगितलंय.

परीक्षा मार्चमध्ये, म्हणजे नेमकी ज्वारी काढणीत. सकाळी पेपर, दुपारी शेत. तीन तास सलग लिहायची सवय नसते, बोटं आखडतात, म्हणून जानेवारीपासून रोज अर्धा तास घड्याळ लावून नुसतं लिहायचा सराव करा, काहीही लिहा, पेपरातली बातमी उतरवा. मला ५८.२० टक्के पडले. गणितात ५५, इंग्रजीत ३८, इतिहासात सगळ्यात जास्त. इतिहासाच्या पुस्तकात ताराबाई शिंदे आहेत, १८८२ मध्ये बाईमाणसाच्या बाजूनं एवढं सडेतोड लिहिलेलं, त्याच्यावर प्रश्न आला असता तर मी पुरवणी लावली असती.

पैशाचं, नोंदणीचे दोनशे घेतात, बोर्डाची फी आपली आपण भरायची, पुस्तकं जुनी मिळतात, ती परत द्यायची. खाजगी क्लासच्या मानानं काहीच नाही. पण नोकरीच्या आशेनं येत असाल तर एक लक्षात घ्या, अंगणवाडीत मदतनीस व्हायला पण आता बारावी लागते, त्यामुळं दहावीवर थांबून भागणार नाही, आणि या संस्थेचा बारावीचा वर्ग नाही. मी बारावीला परत १७ नंबरच भरणार आहे, कला शाखेला, आमच्यातल्या सहाजणी तयार आहेत, ताई म्हणाल्या खोली देते, शिकवायला माणूस तुम्ही बघा. बघतोय.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो इंग्रजीसाठी आणि किल्लीसाठी. जाऊबाईंनी यंदा नाव घातलंय, त्यांना दोन वर्षांचं पोर आहे, ते वर्गात मागच्या चटईवर खेळतं आणि कुणी काही म्हणत नाही.

पुढच्या वर्षी यायचं असेल तर नोंदणी जूनच्या पहिल्या आठवड्यात असते. पण दाखला आत्ताच शोधायला घ्या. हरवला असेल तर शाळेत दुसऱ्या प्रतीचा अर्ज आजच द्या, पोच घ्या, आणि कुठल्या साली, कुठल्या वर्गातून शाळा सोडली ते घरातल्या मोठ्यांना विचारून कागदावर लिहून न्या. मे महिन्यात शाळेत क्लार्क भेटत नाही.